कर्ण 25 फूट भरेना

दर्यापूर-अकोट पट्ट्यातल्या एका शाळेत मी गणित-विज्ञान शिकवत होतो. शाळेपुढचं अंगण काळ्या मातीचं. पावसात चप्पल रुतून बसायची, उन्हाळ्यात अंगठा जाईल एवढ्या भेगा पडायच्या. तिथे आठवी-नववीच्या मुलांनी स्वतः विटांची फरसबंदी केली. पाहुणे येतात, तयार अंगणाचे फोटो काढतात. मला सांगायचंय ते त्या विटांखालचं.

जागा 20 बाय 15 फूट. वीट 9 इंच बाय साडेचार इंच धरून मुलांनी हिशेब केला : 1,067 विटा. मग भट्टीवरून नमुन्याला दहा विटा आणल्या, तर एकही त्या मापाची नाही. सरासरी निघाली साडेआठ बाय चार. पुन्हा गणित केलं, 1,271 आल्या. तब्बल 204 विटांचा फरक, आणि पैसे मुलांनीच गोळा केलेले. वर्गात एकच खळबळ उडाली. जिची आई भट्टीवर विटा थापायची, ती मुलगी मागच्या बाकावरून म्हणाली, "साचा मोठाच असते सर, वीट मंग आकसते." ओली माती वाळताना आकसते, भाजताना आणखी आकसते. वीट खणखणीत वाजली तर पक्की, बद्द वाजली तर कच्ची, हेही तिनेच शिकवलं. त्या दिवशी आम्ही तिचे विद्यार्थी होतो.

खरा गोंधळ आखणीच्या दिवशी झाला. चारही खुंट्या ठोकल्या, बाजू मोजल्या, बरोबर 20 आणि 15. मी आदल्याच आठवड्यात पायथागोरसचा सिद्धांत शिकवलेला, म्हणून म्हटलं, आता कर्ण मोजा. 20 चा वर्ग 400, 15 चा वर्ग 225, बेरीज 625, म्हणजे कर्ण 25 फूट हवा. टेप भरला 25 फूट 4 इंच. "काहून बरं, सर? पंचवीस पायजे होता न." दुसरा कर्ण मोजला, तो 24 फूट 8 इंच. एक चार इंच जास्त, दुसरा चार इंच कमी. बाजू अचूक, तरी आयत तिरका! समांतरभुज चौकोन फळ्यावर कितीदा काढला होता. त्या दिवशी मुलं त्याच्या आत उभी होती. गावचे मिस्त्री बाजूला बसून पाहत होते. उठले, सुतळी घेतली, एका कोपऱ्यातून एका बाजूला तीन हात मोजले, दुसऱ्या बाजूला चार, आणि दोन्ही खुणांमधलं अंतर पाच हात भरेपर्यंत खुंटी सरकवली. शाळा त्यांनी चौथीतच सोडलेली. पायथागोरसचं नाव मुलांनी त्यांना सांगितलं, रीत त्यांनी मुलांना.

आता चूक, आणि ती माझी. मिस्त्रींनी बजावलं होतं, "मास्तर, कायी माती हाय हे. मुरूम टाकल्याबिगर वीट बसवसान, तं पानी पडलं की सारी वर येईन." पैसे कमी होते. मी मुरूम वगळला आणि मातीवरच चुरी पसरून विटा बसवून घेतल्या. जुलैत अंगणाला मधोमध कुबड आलं, कडा खचल्या. मुलांचे चेहरे पाहवत नव्हते.

मग आम्ही दोन काचनळ्या घेतल्या. एकीत वाळलेल्या काळ्या मातीची पूड, दुसरीत मुरूम. खुणा करून पाणी ओतलं. माती खुणेच्या वर चढली, मुरूम जागचा हलला नाही. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. शेतातल्या भेगांचं कारणही हेच. दिवाळीच्या सुटीत सगळ्या विटा उचलल्या. सांध्यांत सिमेंट नव्हतं, नुसती चुरी, म्हणून बहुतेक विटा साबूत निघाल्या. शाळेच्या कामासाठी मला विटांची फरसबंदीच आवडते ती याचमुळे. वहीतल्या चुकीवर लाल रेघ पडते आणि पान उलटतं. इथे चूक हातात घेऊन पुन्हा बसवता येते.

मुरूम सहा इंच हवा. 300 चौरस फूट गुणिले अर्धा फूट, 150 घनफूट, म्हणजे दीड ब्रास. ब्रास म्हणजे 100 घनफूट हे मुलांना घरून ठाऊक होतं, घनफळाचं सूत्रही पाठ होतं, पण दोन्हींची गाठ कधी पडली नव्हती. पाच फुटांना एक इंच ढाळ दिला, तो पाण्याच्या नळीने तपासला. ग्रामपंचायतीला मुरुमासाठी लिहिलेला अर्ज चौथ्या खेपेला नीट जमला. मराठीचा तास तोच.

खाऱ्या भूजलाच्या आमच्या खारपाणपट्ट्याने आपला धडा वेगळा दिला. शाळेतल्या बोअरचं पाणी मारलेल्या विटांवर महिन्याभरात पांढरा लोणा फुटला. ते पाणी ताटलीत आटवलं, तळाशी मीठ उरलं. त्याच पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले, पांढरा साका बसला. पूर्णेच्या खोऱ्यात आपण काय पितो, हे मुलांना एका विटेने दाखवलं. इतिहासासाठी आम्ही बाळापूरला गेलो. 1757 मध्ये पूर्ण झालेल्या तिथल्या किल्ल्याच्या विटांच्या तटापुढे मुलं सांधे मोजत बसली, जेवायलाही उठेनात.

अशा शिकवण्यात नवं काही नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये आपल्या शेजारच्या वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली आणि हातकामातून सगळे विषय शिकवणारी नई तालीम पुढे आली. 1983 मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू करून तीच वाट खेड्यातल्या शाळांपर्यंत नेली. आपण मात्र हातकामाला कार्यानुभवाच्या एका तासात कोंडलं. ते चुकलंच.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दप्तराविना दिवस सांगितले आहेत, स्थानिक कारागिरांकडून शिकण्यासाठी. वऱ्हाडातल्या शिक्षकांना माझी विनंती आहे : ते दहा दिवस तुमच्या गावच्या मिस्त्रींना द्या. सुतळी, टेप आणि दहा विटा घेऊन सुरुवात करा. आणि मुरूम आधी टाका.