बोरघाटातली कामछावणी

मुंबई-पुणे रेल्वेमार्गाचा बोरघाटातला तुकडा बांधण्यासाठी १८५६ ते १८६३ या काळात सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर मजुरांची एक मोठी छावणी वसली. कर्जतजवळच्या पायथ्यापासून खंडाळा-लोणावळ्याच्या माथ्यापर्यंत ती तुकड्यातुकड्यांनी पसरली होती. जिथे बोगदा, खोदाई किंवा पूल, तिथे तिचा एकेक भाग. १८६१ मध्ये या कामावरच्या माणसांची संख्या ४२,००० वर गेली. आज चिंचवडहून लोकलने तासाभरात लोणावळा गाठता येते. त्या काळी हाच प्रदेश कामावर माणूस टिकवून ठेवण्याच्या दृष्टीने मुंबई इलाख्यातल्या सर्वांत अवघड जागांपैकी एक होता.

हा मार्ग ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा. कंपनीची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्याला गेली, तेव्हाच दख्खनचा कापूस बंदरावर आणायचा तर सह्याद्री ओलांडावा लागेल हे उघड होते. मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कली यांनी बोरघाट आणि थळघाट या दोन्ही वाटांची पाहणी करून आखणी केली. बोरघाटाचा चढ सुमारे २५ किलोमीटर लांबीचा आणि १,८३१ फूट उंचीचा ठरला. सरासरी चढ सुमारे ४६ फुटांत एक फूट, तर सर्वांत कठीण जागी ३७ फुटांत एक. पंचवीस बोगदे, आठ मोठे कमानी पूल, बावीस लहान पूल आणि एक्याऐंशी मोऱ्या एवढा पसारा त्यात होता. एका ठिकाणी तर कडा इतका सरळ होता की गाडी वळवायला जागाच मिळेना. तिथे 'रिव्हर्सिंग स्टेशन' बांधून इंजिन एका टोकाकडून काढून दुसऱ्या टोकाला जोडण्याची आणि उलट दिशेने चढ सुरू ठेवण्याची सोय करावी लागली. ही व्यवस्था १९२९ पर्यंत चालली. घाटाची वाट इंग्रजांना शिंगरोबा नावाच्या धनगराने दाखवली, ही लोककथा जुन्या महामार्गावरच्या त्याच्या देवळामुळे आजही सर्वतोमुखी आहे. रेल्वेच्या आखणीमागे अनेक वर्षांची मोजणी होती. पण मोजणीदार पहाडात शिरले ते बहुधा गुराख्यांच्या आणि धनगरांच्या पायवाटांनीच, आणि कथेत तेवढे तथ्य असावे.

घाटातली वस्ती विरळ होती. ठाकूर आणि कातकरी यांच्या वाड्या, माथ्यावर थोडी शेती, बाकी जंगल आणि कातळ. हजारो हात तिथल्या तिथे मिळणे शक्यच नव्हते, म्हणून मजूर बाहेरून आणावे लागले. १८३० मध्ये गव्हर्नर माल्कम यांच्या काळात खुला झालेला गाडीरस्ता हाच काय तो पोहोचण्याचा आधार. पुण्याहून खंडाळ्यापर्यंतची लोहवाट १४ जून १८५८ रोजी सुरू झाली. चिंचवड, तळेगाव या गावांना रेल्वे मिळाली ती याच दिवशी, म्हणजे घाट फुटण्याच्या पाच वर्षे आधी. खाली खोपोलीपर्यंत १८५६ मध्येच गाडी येत होती. मधला तुटलेला भाग प्रवासी पालखीतून, तट्टावरून किंवा बैलगाडीतून उतरत असत. मजुरांची छावणी आणि मुंबईला निघालेले पुणेकर यांची गाठ पाच वर्षे याच उतारावर पडत होती.

छावणीचे वेळापत्रक पावसाने ठरवले. कामाचा हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होई आणि मृगाच्या तोंडावर संपे. वर्षाचे जेमतेम आठ महिने. पावसाळ्यात उतारांवरून ओघळ वाहत, भराव खचत, दरडी कोसळत. बोगद्यांच्या पोटातले काम जमेल तिथे चालू राही, उघड्यावरचे थांबे. याचा अर्थ असा की छावणी एकदा उभी करून भागत नव्हते. दर जूनमध्ये ती विरघळे, माणसे पेरणीला आपापल्या गावी जात, आणि दर ऑक्टोबरात ती नव्याने भरवावी लागे. शेती चांगली पिकली तर लोक उशिरा येत किंवा येतच नसत. अभियंत्याच्या कागदावरची मुदत अशी देशावरच्या पिकपाण्यावर अवलंबून होती.

आलेल्यांत दोन ठळक वर्ग होते. एक, आसपासच्या जिल्ह्यांतले शेतकरी आणि बलुत्याबाहेर ढकललेले भूमिहीन, जे हंगामापुरते मजुरी करीत. दुसरा, ज्यांचा पिढीजात धंदाच माती आणि दगड होता ते फिरस्ते समूह. वडार त्यांत अग्रभागी. मातीवडार खणणारे, गाडीवडार दगड वाहणारे, पाथरवट घडवणारे, अशी त्यांची आपसांतली वाटणी जुनी होती. तेलंगणाकडचे कामाठीही मोठ्या बांधकामांवर येत. ही मंडळी सडी येत नसत; बायकामुले, गाढवे, भांडीकुंडी यांच्यासह टोळीने येत आणि टोळीनेच निघून जात. पुरुष खणे, बाई टोपली वाही, पोरे खडी गोळा करीत. कंपनीच्या इंग्रज अधिकाऱ्यांना प्रत्येक मजूर सुटा हवा असे, पण कामाचा खरा घटक कुटुंब होते. उक्त्या कामात मोजणी घनफळावर होई आणि पैसे टोळीला मिळत. टोळीत ते कसे वाटायचे हे टोळी ठरवी.

खोदाई काळ्या कातळातली होती. लाव्ह्याचे थर एकावर एक बसून बनलेला हा खडक कुठे पोलादासारखा कठीण, तर कुठे थरांच्या सांध्यात ठिसूळ. एकाने लोखंडी पहार धरायची, दुसऱ्याने तिच्यावर घण घालायचा, दर घावाला पहार किंचित फिरवायची, असे करत खडकात भोक पाडायचे; त्यात बंदुकीची दारू ठासून बार उडवायचा. डायनामाइट अजून जन्मायचे होते. नोबेलचे पेटंट १८६७ चे. त्यामुळे एका बारात निघणारा दगड थोडा आणि धूर फार. ज्या कड्यांवर पाय ठेवायलाही जागा नव्हती तिथे माणसांना वरून दोरांनी खाली सोडत आणि लोंबकळत्या अवस्थेतच ते पहिली भोके पाडीत. बहुतेक बोगदे असे डोंगराच्या अंगात होते की वरून कूपक खणून मध्येच काम सुरू करणे परवडत नव्हते. दोन्ही तोंडांकडून आत सरकायचे एवढाच मार्ग. तोंडाशी एका वेळी मावतील तेवढीच माणसे कामाला लागत. म्हणून छावणी कितीही फुगली तरी बोगद्याचा वेग तिच्या प्रमाणात वाढत नसे. दगडी बांधकामाला चुना लागे. चुन्याच्या घाण्या, भट्ट्या, लाकूड, लोखंड आणि हजारो माणसांचे धान्य हे सारे बैलांच्या मानेवर घाटात पोहोचत होते.

पाणी हा पावसाळ्याउलटचा प्रश्न. चार महिने बदाबदा कोसळणारा पाऊस या उतारावर थांबत नाही. मार्च उजाडला की ओढे कोरडे पडतात. उरलेल्या डबक्यांवर माणसे, गुरे आणि चुन्याचे काम अशी तिन्हींची भिस्त. गवत-फाट्यांच्या झोपड्या खेटून उभ्या, शौचाची सोय नाही. पटकी येण्यास एवढे पुरेसे होते. ती आली की छावणी एका रात्रीत अर्धी रिकामी होई, कारण पळ काढणे हाच लोकांना ठाऊक असलेला खात्रीचा उपाय होता. आणि तो वेडगळही नव्हता. पटकी दूषित पाण्यातून पसरते हे जॉन स्नो यांनी लंडनमध्ये १८५४ मध्ये दाखवले होते, पण घाटातल्या डॉक्टरांपर्यंत ते मत म्हणून पोहोचले असते तरी हवा बिघडल्याने रोग होतो ही समजूतच तेव्हा प्रबळ होती.

पण ही छावणी हादरली ती केवळ रोगाने नव्हे, तर थकलेल्या पगारानेही. पहिला कंत्राटदार विल्यम फॅव्हिएल हा ठाणे मार्गाच्या कामातून पुढे आलेला. २४ जानेवारी १८५६ रोजी त्याने घाटात काम सुरू केले. कंपनी कंत्राटदाराला पैसे देई, तो पोटकंत्राटदारांना, ते मुकादमांना आणि मुकादम मजुरांना. मुकादमाने गावात जाऊन उचल देऊन माणसे आणलेली असत, त्यामुळे मजूर कामावर येतानाच त्याचा ऋणको असे. साखळीतला कुठलाही दुवा अडखळला की शेवटच्या माणसाचा पैसा थांबे, आणि घाटात थांबलेला पैसा म्हणजे थांबलेले धान्य, कारण वाण्याशिवाय दुसरा आसरा नव्हता. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून मजूर बिथरले, युरोपीय देखरेखदारांशी हाणामारी झाली आणि तीत एक युरोपीय मारला गेला. मार्चमध्ये फॅव्हिएलने कंत्राट सोडले.

सरकारने चौकशी केली. तिच्या पाठोपाठ १८६० चा नववा कायदा आला: रेल्वे, कालवे आणि अन्य सार्वजनिक कामांवरच्या मजुरीचे तंटे दंडाधिकाऱ्याने झटपट मिटवावेत यासाठी. बोरघाटात उसळलेल्या रोषाला मिळालेले हे उत्तर दुधारी होते. थकलेली मजुरी मागण्याची सोय त्यात होती, तसेच करार अर्धवट सोडून निघून जाणाऱ्या मजुराला तुरुंगात धाडण्याचीही. पैसा बुडवणारा मालक दिवाणी चुकीचा धनी आणि काम सोडणारा मजूर गुन्हेगार, हा भेद या कायद्याने नि:संकोच केला. तो १९३२ पर्यंत कायद्याच्या पुस्तकात राहिला.

मध्यंतरी काही महिने कंपनीने स्वतः काम रेटले आणि मग सॉलोमन ट्रेडवेल यांना कंत्राट दिले. ते १८५९ च्या अखेरीस भारतात उतरले आणि पंधरा दिवसांच्या आत वारले. पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी करार मोडला नाही. तो स्वतःच्या नावे चालू ठेवून कामाचा कारभार स्वेन्सन ॲडमसन आणि जॉर्ज क्लाउझर या दोन अभियंत्यांवर सोपवला. घाट एका बाईने बांधला, असे कौतुकाने सांगितले जाते. त्यात अतिशयोक्ती आहे आणि तिची गरजही नाही. परमुलखात नवऱ्याचे प्रेत पुरून काही दिवसांतच एवढ्या मोठ्या कामाची जोखीम अंगावर घेणे हेच पुरेसे असाधारण आहे. छावणी सर्वांत मोठी झाली ती त्यांच्याच कारकिर्दीत. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी पेटून तिथला कापूस लँकेशायरला जाणे बंद झाले, आणि दख्खनचा कापूस खाली आणण्याची घाई आणखी वाढली. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी मार्गाचे उद्घाटन केले. बर्कली यांनी ते पाहिले नाही. प्रकृती ढासळून ते मायदेशी परतले आणि ऑगस्ट १८६२ मध्ये वारले.

घाईत आणि बदलत्या हातांनी झालेल्या बांधकामाचे दोष लवकरच उघडे पडले. म्हाऊकीमळी येथील कमानी पूल १८६७ च्या पावसाळ्यात कोसळला. वरून घडीव दगड आणि आत भरड भरताड अशा प्रकारची कामे मग अनेक ठिकाणी पुन्हा करावी लागली.

मार्ग पुरा झाल्यावर छावणी मोडली, पण घाट माणसांवाचून कधीच राहिला नाही. ठाकूरवाडी आणि मंकी हिलसारख्या ठिकाणी रेल्वेची माणसे आजही राबतात. मंकी हिलला रस्ता नाही, ये-जा आणि सामान सारे गाडीनेच. पावसाळ्यापूर्वी 'हिल गँग'चे कामगार दोर बांधून कड्यांवर चढतात आणि सुटलेले धोंडे पाडून ठेवतात. पाऊस सुरू झाला की गस्तीवाले रात्रंदिवस रुळांवरून फिरतात. कर्जतला गाड्यांना मागून बँकर इंजिने जोडली जातात, तर उतरत्या गाड्यांसाठी ब्रेक निकामी झाल्यास वळवून घेणाऱ्या चढत्या मार्गिका राखलेल्या आहेत.

याच घाटात २०१९ पासून द्रुतगती महामार्गाच्या 'मिसिंग लिंक'चे काम सुरू झाले: सुमारे तेरा किलोमीटरचा नवा रस्ता, जवळपास नऊ किलोमीटरचा एक बोगदा आणि दरीवर केबलचा पूल. त्यासाठी पुन्हा कामगारांच्या वसाहती बसल्या, या वेळी पत्र्याच्या आणि कंटेनरच्या. अशा वसाहतीत पिण्याचे पाणी, स्वच्छतागृहे, तात्पुरती घरे आणि पन्नासपेक्षा जास्त स्त्रिया कामावर असतील तर पाळणाघर देण्याचे बंधन १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने मालकावर घातले. मजूर मात्र अजूनही बहुधा ठेकेदारामार्फत, टोळीने आणि उचल घेऊन येतो. चाकण-तळेगावच्या कारखान्यांची शेड उभारणाऱ्यांतही ही भरतीची पद्धत अनोळखी नाही.