पेन्शन निम्मी, ताट मात्र पूर्ण!

आमचे आप्पा निवृत्त झाले तेव्हा आईने घरखर्चाची वही नव्याने आखली. पगाराच्या जागी निम्मी पेन्शन येणार, म्हणून दूध, भाजी, कापडचोपड, साऱ्यांना कात्री लागली. लागली नाही ती फक्त आप्पांच्या ताटाला!

नोकरीत असताना सात रस्त्यावरच्या घरातून ते कचेरीत पायी जात. तिथले जिने, येताना हातात भाजीची पिशवी. हा व्यायाम आहे हे त्यांच्या गावीही नव्हते. नोकरी सुटली तशी ही चालही सुटली. आरामखुर्ची आली, दुपारची झोप आली, चहाबरोबर खारे शेंगदाणे आले. दोन वर्षांत सदऱ्याच्या गुंड्या कुरकुरू लागल्या. आम्ही हसलो.

पण त्या जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेत, अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला तरुणपणापासून नंदीध्वजांमागे चालणारे आप्पा वाटेतच एका ओट्यावर बसले. मिरवणूक पुढे गेली. "पुढच्या वर्षी घरूनच हात जोडीन," ते म्हणाले. आमचे हसू तिथेच मावळले.

डॉक्टरांनी तपासले. रक्तातली साखर काठावर आली होती. ते म्हणाले, "वयाबरोबर स्नायू झिजतात, शरीराची गरज घटते, भूक मात्र जुन्या सवयीनेच लागते." शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेंहून अधिक उष्मांक असतात, तेवढ्याच ज्वारीच्या पिठात साधारण साडेतीनशे. म्हणजे आपली शेंगाचटणी वाईट नव्हे; ती वाटीने न घेता चमच्याने घ्यावी, एवढेच. कडक भाकरी सावकाश चावावी लागते, म्हणून चार घास कमीच जातात. वरण आणि उसळ मात्र सोडू नये. झिजणाऱ्या स्नायूंना प्रथिनांचाच आधार.

आप्पांचा उत्साह दांडगा! औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, हे त्यांना ठाऊक होते. "उद्यापासून पंचवीस नमस्कार!" त्यांनी जाहीर केले. डॉक्टरांनी आवरले. गुडघे आणि रक्तदाब पाहूनच ते हळूहळू वाढवावेत. आधी हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठून दाखवा, म्हणाले. आप्पा चौथ्या खेपेलाच थांबले!

जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्यांना आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. शिवाय किमान दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचे आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम. आप्पांनी पहाटे सिद्धेश्वर तलावाकडे फिरायला जाणे सुरू केले. प्रथम दहा मिनिटे, मग अर्धा तास. खुर्चीचा व्यायाम आईनेही धरला.

वर्षभरात वजन उतरले ते अवघे चार किलो. परंतु पुढच्या यात्रेत तो ओटा आला, आप्पांनी त्याच्याकडे एकवार पाहिले आणि ते नंदीध्वजांमागे चालत राहिले.

रात्री घरी आल्यावर आईने विचारले, "अहो, किती वाढू?"

आप्पा म्हणाले, "पेन्शनीपुरतं!"