ठिपके गेले, रोग गेला नाही

समुद्र घाटाखाली राहिला. पण बेळगावातील एका परिचित घरी तो काचेच्या पेटीत नांदत होता. बाजारात मिळणारे तयार समुद्री क्षार स्वच्छ पाण्यात मिसळून घरच्या मुलाने खारे पाणी सिद्ध केले होते. त्यात नारिंगी अंगावर पांढरे पट्टे मिरवणारे दोन क्लाऊनफिश, एक समुद्रफूल आणि थोडे प्रवाळ होते. एके दिवशी त्याने निळा टँग मासा आणला व कौतुकाच्या भरात त्याच संध्याकाळी पेटीत सोडला. थोड्याच दिवसांत मिठाचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके नव्या माशाच्या अंगावर उठले आणि मग एकाएकी नाहीसे झाले. “फादर, मासा बरा झाला!” असे मुलाने मला आनंदाने सांगितले. पुढच्या पंधरवड्यात तिन्ही मासे दगावले.

मुलाची माया कमी पडली नव्हती. रोगाची चाल त्यास ठाऊक नव्हती. खाऱ्या पाण्यातील या पांढऱ्या ठिपक्यांचे कारण क्रिप्टोकॅरिऑन नावाचा सूक्ष्म परजीवी होय. तो माशाच्या त्वचेत व कल्ल्यांत शिरून ३ ते ७ दिवस पोसतो. मग गळून तळाशी जातो, वाळूस वा दगडास चिकटतो आणि स्वतःभोवती कोश बांधतो. त्या कोशात एकाचे शेकडो होतात व पुन्हा मासा शोधीत पाण्यात पोहू लागतात. अर्थात, ठिपके दिसेनासे झाले म्हणजे रोग गेला असे नव्हे. तो मोठ्या संख्येने परतण्याची तयारी करीत असतो.

यावर तांब्याचे औषध गुणकारी आहे. परंतु ते केवळ पोहणाऱ्या अवस्थेतील परजीवीस मारते. त्वचेतील किंवा कोशातील परजीवीस नव्हे. म्हणून औषधाची मात्रा तीन-चार आठवडे अखंड टिकवावी लागते. शिवाय तेच तांबे प्रवाळ, समुद्रफूल, कोळंबी व गोगलगाय यांस विषासमान आहे. यास्तव उपचार मुख्य पेटीत न करता वेगळ्या टाकीतच करावा.

ही टाकी साधी असावी. चाळीस ते ऐंशी लिटर पाणी, हवेच्या पंपावर चालणारा स्पंजचा फिल्टर, पाणी उबदार राखणारा हीटर आणि लपावयास प्लास्टिकच्या नळाचे दोन तुकडे एवढे पुरे. तळाशी वाळू, शंख वा प्रवाळाचा दगड घालू नये, कारण ते तांबे शोषून घेतात. फिल्टरातील कोळसाही काढून ठेवावा. तांब्याचे प्रमाण रोज तपासणीच्या संचाने मोजावे. मुक्त तांब्याचे औषध असल्यास लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम राखतात. इतर प्रकारांची मात्रा निराळी असते, ती बाटलीवर वाचावी. बागेत फवारावयाचे मोरचूद अदमासाने टाकणे म्हणजे माशाचा जीव धोक्यात घालणे होय.

दुसरा शत्रू अमोनिया. नव्या टाकीत घाण पचविणारे उपयुक्त जिवाणू पुरेसे नसतात. म्हणून अन्न थोडे घालावे, उरलेले काढावे आणि अमोनिया दिसताच काही पाणी बदलावे. बदलीच्या पाण्यात तितकेच क्षार व तितकेच औषध असावे. नाहीतर मात्रा उतरते व केलेले श्रम वाया जातात. जाळी आणि बादली या टाकीची निराळी ठेवावी, कारण ओल्या जाळीतूनही रोग पसरतो.

इकडे मुख्य पेटीत एकही मासा ठेवू नये. प्रवाळ व समुद्रफूल तेथेच राहोत; त्यांस हा रोग होत नाही. मासा न मिळाल्यास पोहणारे परजीवी एक-दोन दिवसांत मरतात. परंतु काही कोश फुटावयास ७२ दिवस लागल्याचे प्रयोगात आढळले आहे. म्हणून जाणते लोक ७६ दिवस मोजतात.

याहून सोपा मार्ग म्हणजे नवा मासा आरंभीच महिनाभर वेगळा ठेवणे. बाजारातून आणलेली कोंबडी आपल्या आया पहिल्याच दिवशी जुन्या खुराड्यात सोडीत नाहीत. काही दिवस वेगळ्या डालग्याखाली ठेवतात. रगुझा बंदराने १३७७ साली साथीच्या प्रदेशातून येणाऱ्यांस तीस दिवस वेगळे राहावयास लावले, त्यामागेही हाच विचार होता. पुढे ते दिवस चाळीस झाले आणि इटालियन भाषेतील ‘चाळीस’वरून ‘क्वारंटाइन’ हा शब्द रूढ झाला.

परवा मी त्या घरी पुन्हा गेलो. कोपऱ्यात एका छोट्या टाकीत, नळाच्या तुकड्यातून एक क्लाऊनफिश डोकावत होता. त्याच्या अंगावर एकही ठिपका नव्हता. “मोठ्या पेटीत कधी सोडणार?” असे मी विचारले. मुलाने भिंतीवरील दिनदर्शिकेकडे बोट दाखविले आणि म्हणाला, “फादर, अजून एकवीस दिवस.”