मेंदूच्या इजेची खूण आणि ओळखपत्राची भाषा

ओळखपत्र ही शासनव्यवहारातील वस्तू आहे, असे आपण सहसा समजतो. ती भाषेचीही वस्तू आहे, याकडे लक्ष जात नाही. त्या लहानशा पत्रावर जे छापलेले असते ते कोणीतरी कोणास तरी उद्देशून केलेले विधान असते. ज्याच्या मेंदूस इजा झाली आहे अशा माणसाच्या बाबतीत हे विधान विशेष मोलाचे ठरते. कारण तेच विधान तोंडाने करण्याची त्याची शक्ती बहुधा उणावलेली असते.

भंडारा जिल्ह्यात हा विषय केवळ पुस्तकी नाही. नागपूरहून रायपूरकडे जाणारा वाहता राजमार्ग भंडारा, लाखनी, साकोली अशा गावांवरून जातो आणि मार्गावरील अपघातांत डोक्यास मार बसणे ही नेहमीची गोष्ट आहे. पक्षाघात सर्वत्रच आहे. त्यातच विदर्भाच्या या भागात सिकलसेलचा आजार आढळतो व त्यामुळे लहान मुलांसही पक्षाघात होऊ शकतो. हातापायांची शक्ती पुष्कळदा परत येते, वाचा मात्र अडखळत राहते. असा माणूस बाहेरून धडधाकट दिसतो. त्याचे बोलणे जड व चालणे झोकांड्यांचे असेल, तर तो प्यालेला आहे असा समज होण्यास विलंब लागत नाही.

ह्या माणसाकरिता कायद्याने कोणती खूण दिली आहे? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या अनुसूचीत एकवीस प्रकार सांगितलेले आहेत. त्यांत ‘मेंदूची इजा’ असा स्वतंत्र प्रकार नाही. इजेचे जे परिणाम होतात त्यांवरून माणसाचे वर्गीकरण होते: अवयव लुळा पडला तर चलनविषयक, वाचा गेली तर वाचा व भाषा, आणि अनेक परिणाम एकत्र असतील तर बहुविध. वाचाघाताचा उल्लेख अधिनियमात वाचा व भाषा ह्या प्रकाराच्या व्याख्येत नावानिशी आला आहे, ही समाधानाची गोष्ट होय. पण एखाद्यास सिकलसेलचा रुग्ण म्हणून पत्र मिळाले आणि त्याची रोजची अडचण बोलण्याची असली, तर पत्र खरे असूनही उपयोगाचे राहत नाही.

प्रमाणपत्राबरोबर जे वैश्विक ओळखपत्र मिळते त्यावर दिव्यांगतेचे प्रमाण रंगाच्या पट्टीने दाखवितात. चाळीस टक्क्यांच्या आत पांढरी, चाळीसपासून ऐंशीच्या आत पिवळी, ऐंशी व त्यावर निळी. २०२४ च्या सुधारित नियमांत हे रंग नमूद आहेत. चिन्हशास्त्राच्या दृष्टीने पाहता ही खूण निव्वळ संकेतरूप आहे. चाकाच्या खुर्चीचे चित्र पाहून अर्थाचा काही अंदाज येतो. पिवळ्या पट्टीवरून येत नाही. शिवाय पट्टी ‘किती’ हे सांगते, ‘काय करावे’ हे सांगत नाही. सवलत देणाऱ्या कार्यालयास ‘किती’ पुरते. एसटीचा वाहक, औषधविक्रेता, पोलीस शिपाई यांना दुसरीच माहिती हवी असते.

इंग्लंडात हेडवे ह्या संस्थेने २०१७ साली मेंदूची इजा झालेल्यांसाठी ओळखपत्र काढले, ते ह्याच उणिवेवर. त्यावर धारकाच्या स्वतःच्या अडचणी थोडक्यात लिहिलेल्या असतात. पोलिसांशी गाठ पडली असता गैरसमज होऊ नये, हा मुख्य हेतू. हे पत्र धारकाच्या वतीने, प्रथमपुरुषात बोलते.

असा मजकूर मराठीत लिहावयाचा झाल्यास व्याकरण आडवे येते. ‘मी विसरतो’ लिहावे तर स्त्रीचे काय? ‘विसरतो’ आणि ‘विसरते’ अशी दोन पत्रे छापावी लागतील, किंवा तिरकी रेघ देऊन वाक्य विद्रूप करावे लागेल. चतुर्थीची रचना मात्र हा पेच सहज सोडविते: ‘मला बोलावयास वेळ लागतो’, ‘मला गर्दीत सुचत नाही’, ‘मला आपले बोलणे समजते’. कर्त्याचे लिंग कोठेच उमटत नाही. आणि अनुभव माणसावर येतो, तो करीत नाही, हा अर्थही नेमका साधतो. तिसरे वाक्य सर्वांत महत्त्वाचे, असे आम्हांस वाटते. पॅरिसमध्ये १८६१ साली ब्रोकाने ज्या रुग्णाची हकीकत मांडली त्यास ‘तां’ एवढेच उच्चारता येई, परंतु बोललेले बरेचसे समजे. न बोलणाऱ्यास समजतही नाही, हा समज आजही सर्वांत जास्त जाचतो. अर्थात आकलनच गेलेल्या रुग्णाच्या पत्रावर हे वाक्य घालता येणार नाही. तेथे ‘माझ्या हो-नाहीची पुन्हा खात्री करावी’ असे लिहावे लागेल, कारण असा रुग्ण ‘नाही’ म्हणावयाचे असता ‘हो’ म्हणून जातो.

पत्र मिळण्यापूर्वी परीक्षा असते, आणि आमच्या शास्त्राचा खरा संबंध येथे येतो. वाचाघाताच्या परीक्षेत चित्र दाखवून नाव विचारतात. भंडाऱ्याची झाडीबोली ण, ळ, श ह्या वर्णांच्या जागी अनुक्रमे न, र, स योजते. डोळ्याचे चित्र पाहून ‘डोरा’ म्हणणारा शेतकरी चुकलेला नाही. पाण्यास ‘पानी’ म्हणणाराही नाही. धानाच्या शेताचे चित्र पाहून तो ‘बांधी’ म्हणेल, तर तो परीक्षकापेक्षा अधिक नेमके बोलला. परंतु वर्णांची अदलाबदल व जवळच्या शब्दाची योजना हीच वाचाघाताचीही लक्षणे होत. परीक्षकास बोली ठाऊक नसेल तर निरोगी उच्चार दोषात जमा होईल. आणि बोलीचेच म्हणून सारे सोडून दिले तर खरा दोष निसटेल. टक्केवारी दोन्हीकडून चुकते, आणि चाळीसच्या अलीकडे-पलीकडे पुष्कळ सवलती अवलंबून आहेत. म्हणून रुग्ण पूर्वी कसा बोलत असे हे घरच्या माणसांस विचारून मगच गुण द्यावेत. ‘डोरा’ हा दोष की बोली, हे त्याची आई क्षणात सांगेल.

तुमसर भागात आणखी एक गुंता आहे. तेथे घरी पोवारी, बाजारात हिंदी आणि शाळेत मराठी असा व्यवहार आढळतो. बहुभाषिक रुग्णाची कोणती भाषा आधी परतते, यावर पित्र ह्या फ्रेंच वैद्याने १८९५ मध्ये मत मांडले की, जी सर्वांत परिचयाची ती. ह्यास अपवाद पुष्कळ सापडले आहेत. तेव्हा परीक्षा एकाच भाषेत घेऊन भागणार नाही. आणि पत्राच्या मजकुरात ‘माझ्याशी पोवारीत बोलावे’ किंवा ‘हिंदीत बोलावे’ ह्या एका ओळीस जागा ठेवावी लागेल. रंगाच्या पट्टीहून ही ओळ लांब नाही.