व्हाइटफील्डचे सांडपाणी, कोलारची तुती

म्हैसूरचे महाराज दहावे चामराज वडेयर यांनी १८८२ साली दिलेल्या सुमारे ३,९०० एकर जमिनीवर अँग्लो-इंडियन समाजाने एक शेतवसाहत उभारली. संस्थापक डी. एस. व्हाइट यांच्यावरून तिचे नाव व्हाइटफील्ड पडले. माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांच्या आजच्या या उपनगरात शेती जवळजवळ उरलेली नाही, आणि २०२४ च्या मार्चमध्ये तर तेथील गृहसंकुलांना टँकरची वाट पाहावी लागली. तथापि हे शहर पूर्वेकडील शेतीला एक वस्तू दुष्काळातही अखंड पुरविते, ती म्हणजे सांडपाणी.

कोलार जिल्ह्याला बारमाही नदी नाही. विंधनविहिरी हजार फुटांपलीकडे गेल्यावर बेंगळुरूच्या कोरमंगला-चल्लघट्टा खोऱ्यातील प्रक्रिया केलेले पाणी, दररोज ४४ कोटी लिटरपर्यंत, कोलारच्या तलावांत सोडण्याची योजना आखली गेली. व्हाइटफीील्डजवळचे बेळ्ळंदूर व वर्तूर हे फेसामुळे कुप्रसिद्ध झालेले तलाव याच खोऱ्यातले. जून २०१८ मध्ये नरसापूरजवळच्या लक्ष्मीसागर तलावात पहिले पाणी पोहोचले. पुढच्याच महिन्यात फेसाळ पाण्याच्या तक्रारींवरून उच्च न्यायालयाने ते काही काळ थांबविले. प्रक्रिया दुय्यम स्तरापर्यंतच होते, हा आक्षेप आजही कायम आहे आणि तो रास्त आहे. तलावातून थेट उपसा न करता भूजल पुनर्भरणावर भर देण्यामागेही हीच सावधगिरी आहे.

अशा पाण्यावर टोमॅटो घ्यावा की तुती? कोलार दोन्हींसाठी प्रसिद्ध आहे. कीटकशास्त्राच्या दृष्टीने तुतीचे पारडे जड ठरते. तिचे पान माणसाच्या ताटात येत नाही, एकदा लावलेली बाग पंधरा वर्षे टिकते, आणि वर्षातून पाच-सहा पिके निघत असल्याने एक पीक बुडाले तरी वर्ष बुडत नाही. शिवाय रेशीम कीटक हा स्वतःच कठोर परीक्षक आहे. पानात काही दोष असला तर अळीची वाढ खुंटते व कोष हलके पडतात. मात्र धातूंचे अंश मातीत साचत जातात, त्यामुळे माती व पान यांची नियमित तपासणी टाळता येणार नाही.

खरी अडचण उष्म्याची आहे. बाल्यावस्थेतील अळीला २६ ते २८ अंश तापमान व दमट हवा लागते, तर प्रौढ अळीला २३ ते २५ अंशांचा गारवा. एकूण पानांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक पाने ती पाचव्या अवस्थेत खाते, आणि नेमक्या त्याच दिवसांत उष्णतेची लाट आली तर सारा खर्च वाया जातो. म्हणूनच पहिल्या दोन अवस्था सांभाळून अळ्या विकणारी चॉकी केंद्रे हा स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. गारवा राखणारी संगोपनगृहे बांधणाऱ्या स्थानिक कारागिरांनाही येथे काम आहे.

दुसरी संधी मित्रकीटकांची. अळीवर अंडी घालणारी उझी माशी १९८० मध्ये पश्चिम बंगालमधून कर्नाटकात शिरली. रेशीम शेडमध्ये कीटकनाशक फवारणे म्हणजे आपलेच पीक मारणे, म्हणून तिच्या कोषांवर जगणारा नेसोलिंक्स थायमस हा परजीवी सोडला जातो. तमिळनाडूत पपईबरोबर तुतीवरही तुटून पडलेल्या पिठ्या ढेकणाविरुद्ध २०१० मध्ये पोर्तो रिकोहून परजीवी आणले गेले. ते काम करणारी बेंगळुरूची संस्था आज राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो म्हणून ओळखली जाते. हवामान बदलत असताना नवे कीटक येतच राहतील. परजीवींचे उत्पादन गावपातळीवर, बचतगटांच्या हाती आले, तर तो पैसा कीटकनाशकांच्या दुकानात न जाता तालुक्यातच राहील.

मराठवाड्याला हे क्षेत्र परके नाही. जालना, बीडचे शेतकरी वर्षानुवर्षे कोष घेऊन बेंगळुरूजवळच्या रामनगरच्या बाजारात जात आले. २०१८ मध्ये जालन्यात कोष बाजार सुरू झाल्याने तो लांबचा प्रवास अनेकांचा वाचला. तुती तेथेही आहे, उन्हाळा अधिक कडक आहे आणि शहरांचे सांडपाणीही आहे. ते प्रक्रिया करून तुतीपर्यंत नेण्याचे काम बाकी आहे. त्याआधी कोलारच्या तलावांकाठची माती आणि विहिरींचे पाणी काय सांगते, हे पाहून घेणे स्वस्त पडेल.