लहान होडीतून मोठा मासा कसा काढावा?

चारठाणा समुद्रापासून फार दूर आहे. तथापि त्याच जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरी धरण १९६८ साली पूर्ण झाले व तेथे विस्तीर्ण जलाशय निर्माण झाला. अशा जलाशयांत कटला, रोहू व मृगळ हे मासे चांगले पोसतात. कटला तर २० किलोंहूनही मोठा होऊ शकतो. असा मासा जाळ्यात येणे भाग्याचे खरे. परंतु तो घाईने वर ओढताना होडी उलटल्यास मासा, जाळे आणि प्रसंगी माणूसही गमवावा लागतो.

याचे कारण समजून घ्यावे. मासा पाण्यात असेपर्यंत त्याचा बहुतेक भार पाणीच पेलते. तो बाहेर येताच संपूर्ण वजन होडीच्या काठावर पडते. त्याच वेळी दोन्ही माणसे त्याच बाजूला वाकली, तर काठ पाण्याखाली जातो.

म्हणून पुढील रीत पाळावी :

१. मासा जोरात असताना ओढू नये. जाळ्याला थोडी ढील द्यावी व त्याला थकू द्यावे.

२. दोर हाताला, मनगटाला किंवा पायाला कधीही गुंडाळू नये.

३. मासा थकल्यावर लांब दांड्याचे झोळीसारखे जाळे त्याच्या डोक्याकडून खाली सरकवावे. शेपटीला स्पर्श होताच तो पुढे उसळतो व निसटतो.

४. एकाने मासा उचलावा. दुसऱ्याने विरुद्ध बाजूस बसून तोल सांभाळावा. कोणीही उभे राहू नये.

५. मासा फारच मोठा असल्यास तो पाण्यातच ठेवून होडी सावकाश उथळ काठाला न्यावी.

कोकणात खाडीमुखाशी जिताडा किंवा घोळ यांसारखे मोठे मासे धरतानाही हेच तत्त्व लागू पडते; तेथे लाटांचे भान अधिक ठेवावे लागते. थर्माकोलच्या तराफ्यावर तर तोल सांभाळणे आणखी कठीण असते.

मासा काढल्यावर तो लगेच सावलीत ओल्या पोत्याखाली ठेवावा व शक्य तितक्या लवकर बर्फात घालावा. पावसाळ्याच्या आरंभी हे मासे अंडी घालतात; त्या काळात अंड्यांवर आलेल्या माद्यांना जीवदान देणे, हेच पुढील हंगामाचे बियाणे राखणे होय.

ग्रामसेवकांनी मच्छीमार बांधवांना काठावर ही रीत प्रत्यक्ष करून दाखवावी आणि प्रत्येकाने तरंगते जाकीट घालूनच पाण्यात उतरावे, असा आग्रह धरावा. निसटलेला मासा पुन्हा मिळेल. गेलेला जीव परत येत नाही.