स्प्रिंगच्या एअरगनचं इंजिनिअरिंग

एअरगन म्हटली की आपल्याला पहिल्यांदा आठवतो तो जत्रेतला फुग्यांचा फळा. नेम धरावा लाल फुग्यावर आणि छर्रा जावा भलतीकडेच! मग ‘बंदूकच वाकडी आहे’ असं म्हणत आपण पुढच्या स्टॉलकडे वळतो. गंमत म्हणजे ही तक्रार बऱ्याचदा खरी असते. पण ती वाकडी का, हे शोधायला बसलं तर आपला निम्मा सिलॅबस त्या बंदुकीत सापडतो. स्प्रिंग, पिस्टन-सिलिंडर, सील, टॉलरन्स, वंगण, सगळं काही. परवडणारी एअरगन निवडावी कशी आणि घरच्या घरी तिला सुधारावी कशी, ते या लेखात सांगतो. रेक्टर सरांनी दचकू नये. ही वस्तू हॉस्टेलवर आणायची नाहीच, सुट्टीत घरी करायचे हे उद्योग आहेत.

आत नेमकं काय होतं?

साध्या एअरगनची नळी मध्ये मोडते. नळी खाली वाकवली की एक दांडा पिस्टनला मागे रेटतो, स्प्रिंग दाबली जाते आणि पिस्टन चापाच्या अडकणीत अडकतो. छर्रा घालून नळी सरळ करायची. चाप ओढला की पिस्टन सुसाट पुढे येतो, समोरची हवा दाबली जाते आणि एका बारीक भोकातून छर्र्यामागे घुसते. म्हणजे हवा आधीपासून भरून ठेवलेली नसते, ती चाप ओढल्यावरच दाबली जाते. एक्झॉस्ट नसलेलं एका स्ट्रोकचं इंजिनच म्हणा ना!

आता थोडा हिशोब करू. समजा स्प्रिंगचा स्टिफनेस ५ न्यूटन प्रति मिलिमीटर आहे. बंदुकीत बसवतानाच ती ५० मिमी दाबलेली असते आणि कॉक करताना आणखी ७० मिमी दाबली जाते. एस.ओ.एम.च्या सूत्राने कॉक करताना साठलेली ऊर्जा येते जवळपास ३० ज्यूल. त्यातला साधारण एक तृतीयांश भागच छर्र्याला मिळतो, बाकीचा घर्षणात, उष्णतेत आणि धक्क्यात जातो. म्हणजे १० ज्यूल. छर्रा अर्ध्या ग्रॅमचा धरला तर वेग निघतो सेकंदाला २०० मीटर.

ताकद की सातत्य?

दुकानात गेलेला प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो, ‘पॉवर किती?’ माझ्या मते इथेच गाडी रुळावरून उतरते.

२०० मीटर वेगाचा छर्रा १० मीटर अंतर सेकंदाच्या विसाव्या भागात कापतो. तेवढ्या वेळात तो सुमारे १२ मिमी खाली येतो. जास्त ताकदीच्या बंदुकीत वेग २५० झाला, तर तो ८ मिमी खाली येईल. फरक फक्त ४ मिमीचा, आणि तो मागच्या खाचेचा स्क्रू फिरवून कुणालाही घालवता येतो. पण वेग प्रत्येक वेळी वेगळा पडला तर? एकदा १९०, एकदा २१० असं झालं, तर १० मीटरवर छर्रे अडीच मिमी वर-खाली लागतात. २५ मीटरवर तोच फरक १५ मिमीच्या आसपास जातो (हवेचा विरोध धरलेलाच नाही). याला कुठलाही स्क्रू नाही.

२००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्राने १० मीटर एअर रायफलमध्ये सुवर्णपदक मिळवलं. त्या स्पर्धेत दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, छर्राच त्याच्या नऊ पट जाड! आणि अशा रायफलींची ऊर्जा किती? जेमतेम ७-८ ज्यूल. त्या दाबून भरलेल्या हवेवर चालतात आणि किंमत आपल्या आवाक्याबाहेर, हे खरं. पण त्यांची खरी करामत ताकदीत नाही, प्रत्येक छर्रा आधीच्यासारखाच सोडण्यात आहे. आपल्या स्वस्त बंदुकीत जे काही करायचं, ते याच एका गोष्टीसाठी.

विकत घेताना

भारतात बनलेल्या एअरगन काही हजारांत मिळतात. आपल्या मुंबई परिसरातली प्रिसिहोल कंपनी स्प्रिंगच्या रायफली बनवते. लांब, सरळ भोकं पाडणारी मशिन हा या उद्योगसमूहाचा जुना धंदा, आणि बंदुकीची नळी म्हणजे दुसरं काय असतं? कुठलीही कंपनी असो, दुकानात या गोष्टी बघाच.

नळी बंद करून ती डावी-उजवीकडे हलवून बघा. सांध्यात जरासुद्धा खेळ असेल तर ती बंदूक परत ठेवा. मागची खाच आणि पुढची माशी घट्ट आहेत का ते पाहा. कॉक करताना करकर किंवा खरखर जाणवते का? दस्ता खांद्याला लावून डोळे मिटा, मग उघडा. माशी खाचेत आपोआप दिसली तर मापाची बंदूक मिळाली. स्प्रिंग, पिस्टनचं सील आणि सांध्याचं वायसर सुटं मिळेल का, ते विचारा. आणि पक्कं बिल घ्या.

दुर्बिणीच्या मोहात पडू नका. स्प्रिंगच्या बंदुकीला दोन धक्के असतात. पिस्टन पुढे धावताना बंदूक मागे येते, आणि पिस्टन शेवटी थांबताना ती पुढे झेपावते. स्वस्त दुर्बिणी या दुहेरी धक्क्याने खिळखिळ्या होतात. तेच पैसे दोन-तीन प्रकारच्या छर्र्यांवर घाला.

घरचं ट्यूनिंग

मी ज्या क्रमाने करतो तो देतो. आधीचा टप्पा पुरला तर पुढे जाऊ नका.

पहिलं काम स्क्रूंचं. धक्क्यांनी दस्त्याचे स्क्रू सैल होतात आणि नेम भटकतो. ते नीट आवळा. दुसरं, नळीची सफाई. नायलॉनच्या दोरीला मऊ कापडाची चिंधी बांधून मागून पुढे ओढा. लोखंडी सळई घालू नका, आतल्या आट्यांना ओरखडे पडतात.

तिसरं, सांध्यातली गळती. टिश्यू पेपरची बारीक पट्टी सांध्यावर ठेवून सुरक्षित लक्ष्यावर छर्रा सोडा. पट्टी उडाली तर हवा तिथून निसटते आहे. तिथलं छोटं वायसर बदललं की काम झालं. खर्च किरकोळ आणि फायदा मोठा.

चौथं, छर्रे. एकाच डबीतले वाकलेले, चेपलेले बाजूला काढा. प्रत्येक प्रकारचे पाच-पाच छर्रे टेकूवरून मारून गट मोजा. बंदुकीला कुठला छर्रा मानवतो, हे तिलाच विचारावं लागतं. बंदूक मात्र आवळून धरू नका. पुढचा हात मऊ ठेवा आणि दर वेळी त्याच जागी ठेवा, म्हणजे धक्का दर वेळी सारखाच बसेल.

पाचवं काम आतलं, आणि इथे सावध राहा. वरच्या उदाहरणातली स्प्रिंग कॉक न करताही २५० न्यूटनने रेटत असते, म्हणजे साधारण २५ किलोचा भार. मागची पिन नुसती ठोकून काढली तर तो भार तुमच्या तोंडावर येतो. बंदूक रिकामी, कॉक न केलेली, आणि मागचा भाग लांब क्लॅम्पमध्ये किंवा लेथवर धरून स्प्रिंग हळूहळू सैल करायची. हे साधन नसेल तर उघडूच नका, जाणत्या कारागिराकडे द्या.

उघडलीच, तर स्प्रिंगच्या टोकांवरची आणि सिलिंडरच्या खाचेवरची बर बारीक पॉलिश पेपरने काढा. स्प्रिंगच्या आतला गाइड सैल असेल, तर नायलॉनचा नीट मापाचा गाइड वर्कशॉपमध्ये करून मिळतो. चाप ओढल्यावर येणारी ‘ट्विंग’ त्याने बरीच कमी होते. पिस्टनच्या अंगाला मॉलिब्डेनमचं ग्रीस आणि स्प्रिंगला चिकट ग्रीस, दोन्ही अगदी पातळ थरात. पिस्टनपुढच्या हवेच्या जागेत साधं तेल गेलं तर दाबलेल्या गरम हवेत ते पेटतं. आय.सी. इंजिनचा डिझेल सायकल इथे फुकट दिसतो! धूर निघतो, फटाक्यासारखा आवाज येतो, पोरं खूश होतात आणि सील जळतं.

चापाच्या अडकणीला कानस लावायची नाही. हलका चाप हवा म्हणून ती घासली, तर बंदूक आपोआप सुटू शकते. छर्रा भरताना नळी एका हाताने धरूनच ठेवा. आणि छर्र्याशिवाय चाप ओढू नका, हवेची गादी न मिळाल्याने पिस्टन थेट धातूवर आदळतो.

मोजल्याशिवाय सुधारणा नाही

वेगमापक महाग वाटतो? मोबाईल आहे ना! नळीचं तोंड आणि लक्ष्य यांच्यात बरोबर १० मीटर अंतर ठेवा. दोघांपासून सारख्या अंतरावर, पण रेषेपासून चांगला बाजूला, मोबाईल रेकॉर्डिंगला लावा. दोन्ही आवाजांना यायला सारखाच वेळ लागत असल्याने ध्वनीचा वेग हिशोबातून कटतो. संगणकावर दोन आवाजांमधलं अंतर ०.०५ सेकंद दिसलं, तर सरासरी वेग २०० मीटर. कामाआधी दहा आणि कामानंतर दहा नोंदी घ्या. सरासरी वाढली का, हे नंतर पाहा. आधी नोंदींमधली तफावत कमी झाली का, ते पाहा.

हे मोजमाप कायद्यासाठीही लागतं. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे नळीचा व्यास ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिमी, आणि ऊर्जा २० ज्यूल, या मर्यादांच्या वर गेलात की परवाना लागतो. जबर स्प्रिंग घालून ताकद वाढवायच्या नादात माणूस नकळत ही रेषा ओलांडू शकतो.

लक्ष्यामागे जुन्या वह्या आणि रद्दी ठासून भरलेला खोका, त्यामागे भक्कम भिंत, डोळ्यांवर चष्मा. छर्रे शिशाचे असतात, तेव्हा नंतर हात धुवायचे. पक्ष्यांवर तर बंदूक रोखायचीच नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते गुन्हा ठरू शकतं. सालिम अलींनी लहानपणी एअरगनने एक वेगळी चिमणी पाडली आणि ती कुठली हे विचारायला ते मुंबईच्या निसर्ग-इतिहास संस्थेत गेले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. आपल्याला आता चिमणी ओळखायला पुस्तकं आहेत. १० मीटरवरचा कागद पुरेसा अवघड आहे. एकाच भोकात पाच छर्रे घालून दाखवा, मग पॉवरचं बोलू!